तक्त्यातला शेवटचा शब्द

माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. धोका, इजा, अपाय सांगणारी इंग्रजी विशेषणं. डेंजरस, हार्मफुल, पॉयझनस, रिस्की, फेटल. सगळी निळ्या स्केचपेनने, माझ्या सुबक अक्षरात. सगळ्यात खाली लाल पेनने लिहिलेला एक शब्द आहे, करोझिव्ह. तो मी मागाहून लिहिला. का लिहिला, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आमची शाळा आंदर मावळात. मी रोज लोणावळ्याहून लोकलने कान्हे स्टेशनापर्यंत येते आणि पुढे जीपने. गावात इंग्रजी वाचावं ते बाईंनीच, असा लोकांचा समज, आणि तो मी मोठ्या हौसेने जपलेला. कुणी गोळ्यांची पट्टी घेऊन येई, कुणी बियाण्याची पिशवी. खरं म्हणजे माझं इंग्रजी गाइडातलं. पण "बाई, येवढं वाचा की" म्हटलं की मला कोण आनंद व्हायचा!

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी वरच्या ठाकरवाडीतल्या. एका दुपारी त्या निळा प्लास्टिकचा कॅन घेऊन आल्या. भंगारवाल्याकडून घेतलेला, कुठल्या तरी कारखान्यातून आलेला. असे कॅन इकडे घरोघरी पाण्याला असतात. लेबल अर्धं फाटलेलं होतं. राहिलेल्या तुकड्यावर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द होता.

"बाई, काय लिव्हलंय वो ह्यावर? पान्याला चालंल न्हवं?"

मी वाचलं. करोझिव्ह. अर्थ मला माहीत नव्हता. माझ्या तक्त्यात तो नव्हता, आणि जो तक्त्यात नाही तो एवढा वाईट कसा असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. जीपची वेळ झाली होती, पण उगाच जीपवर कशाला ढकलू? पर्समध्ये मोबाइल होता, दोन मिनिटांचं काम. पण मावशींसमोर शब्द शोधत बसायचं, म्हणजे बाईंना येत नाही हे कबूल करायचं. माझ्याने ते झालं नाही.

"काही नाही, कंपनीचं नाव आहे," मी म्हणाले. "आतून नीट घासून घ्या म्हणजे झालं."

मावशींनी माझं अक्षर न् अक्षर ऐकलं. ओढ्यावर जाऊन कॅनमध्ये थोडं पाणी घातलं, उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि काथ्याने घासत बसल्या. आत बुळबुळीत लागलं. साबण राहिला असेल असं वाटून त्यांनी आणखी जोर लावला. आग व्हायला लागली तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी खिचडी करायला त्यांची सून आली, तेव्हा मला कळलं. मी बाथरूमची कडी लावून मोबाइलवर तो शब्द पाहिला. कातडी जाळणारा, खाऊन टाकणारा. सरकारी दवाखान्यात त्या महिनाभर पट्ट्या बदलत होत्या, आणि ती भाताच्या आवणीची, लावणीची वेळ. हात वाचला, पण बोटं पुरती मिटेनात. रोपांची मूठ धरता येईना.

मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं, झालं कसं. मावशी म्हणाल्या, "माजंच चुकलं. बाईंनी नीट घासाया सांगितलं हुतं. म्याच कुटंतरी चुकले."

मी तिथेच होते. गप्प बसले. त्याची लाज कॅनच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

मग मी तक्त्यावर लाल शब्द लिहिला आणि पोरांकडून घोकून घेतला. पुढे तपासणीला साहेब आले. पोरांनी अर्थासकट तो खणखणीत म्हणून दाखवला. साहेब खूश. "खेड्यातल्या मुलांना करोझिव्ह येतो! बाई, कमाल आहे तुमची." मी हसून मान तुकवली. दारात मावशी डाव्या हाताने खिचडी वाढत होत्या.

यंदा जूनमध्ये त्या पुन्हा एक बाटली घेऊन आल्या. बांधावरचं गवत मारायचं औषध. अजूनही माझ्याकडेच आल्या, याचंच मला रडू यायला लागलं. लेबलवर चार ओळी होत्या, त्यातले दोन शब्द मला येत नव्हते.

"मावशी, हे मला येत नाही," मी म्हणाले. नोकरीत पहिल्यांदा. "थांबा, मोबाइलवर बघून सांगते."

मावशींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"तवा बी येत नव्हतं?"

"नव्हतं."

मला वाटलं, आता त्या मला बोलतील, बोलायलाच हवं. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, डाव्या हाताने पिशवीत ठेवली आणि पायरी उतरल्या. खाली गेल्यावर वळल्या.

"मंग तसं म्हनायचं हुतं की, बाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "माजा जावई कंपनीतच हाय. मी त्याला इचारलं आसतं."