वरातीच्या लॉरीला एरंडेल

माझ्या लग्नात बाबांनी जावयाच्या लॉरीला एरंडेल पाजलं. हसू येणारच, आमच्याकडे अजून हसतात. मला मात्र आजही तोंड कुठे लपवावं असं होतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, त्यातली एक माझ्या सासरच्यांनी केळी वाहायला घेतली होती. वऱ्हाड त्याच लॉरीतून उमेळ्याहून आमच्या गावी, गासला आलं. क्लच दाबला की ती जोरात कुरकुरायची. बाबांचा सारा जन्म बैलगाडीत गेलेला. शुभकार्याला निघताना गाडीचं चाक कुरकुरलं तर आमच्यात अपशकुन मानतात, म्हणून निघण्याआधी कण्याला एरंडेल घालतात. वऱ्हाड पंगतीला बसलं असताना त्यांनी लॉरीतली ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलली आणि आवाज येत होता तिथे अख्खी बाटली ओतली. पाठवणीच्या वेळी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तेल घातलंय. आता कुरकुरनार नाय." केवढा अभिमान होता त्यांना!

सपाटीवर लॉरी कशीबशी चालली. मोरीचा चढ लागला तशी इंजिन कोकलायला लागलं, पण चाकं जागची हलेनात. क्लचच्या तबकडीने इंजिनाला घट्ट धरायचं असतं, तेव्हा कुठे चाकं फिरतात. ती तेलाने बुळबुळीत झाली होती. केबिनमध्ये जळका वास पसरला. वऱ्हाड खाली उतरलं. लॉरी माझे धाकटे दीर चालवत होते, नुकतेच शिकलेले. मामंजी धावत आले.

"क्लच जाळलास. लग्नाच्या दिवशी नाक कापलंस माझं," म्हणत त्यांनी दिरांवर हात उगारला.

नव्या नवरीने तोंड उघडायचं नसतं. पण दिरांचा चेहरा बघवेना. मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला हळूच म्हटलं, "तेल बाबांनी घातलंय." लग्नानंतर त्यांच्याशी मी बोललेले हे पहिले शब्द. त्यांनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितले.

मामंजींचा हात खाली आला आणि वऱ्हाड पोट धरून हसलं. एकजण सायकलवरून गासला बैल मागायला गेला. गडी येईल असं मला वाटलं होतं. बाबाच आले, डोक्याला लग्नाचा फेटा तसाच.

त्यांनी लॉरीला बैल जुंपले आणि पुढे चालू लागले. मागून कोणीतरी विचारलं, "व्याही, बैलांनापन तेल पाजलंत काय?" बाबा हसले, पण ते हसू मला ओळखीचं नव्हतं. वाटेतल्या प्रत्येक घरातून लोक बाहेर येऊन बघत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हा माणूस माझा कोणी नसता तर, हेही मनात आलं.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाऊल टाकायचं नाही, ही आमची रीत. म्हणून उमेळ्याच्या वेशीवर बाबांनी बैल सोडले. मामंजी म्हणाले, "पानी तरी घ्या." बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि माझ्या खिडकीपाशी आले.

"तूच सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस. त्या पोराला उगाच मार बसला असता."

मी पदरात तोंड खुपसून बसले होते. ते म्हणाले, "माझ्याकडं बघ तरी."

माझी मान वर होईना. ते जरा थांबले आणि बैल घेऊन परत फिरले. वऱ्हाडाने धक्का मारत लॉरी घरी नेली.

बायका म्हणाल्या, पोर बापासाठी रडतेय, रडू द्या. रडत होतेच मी. पण मला माझ्या बापाची लाज वाटली होती, आणि ती त्यांना कळली होती.