सांगाड्याचा भाव

गेल्या डिसेंबरातला एक रविवार. कुपवाडच्या गॅरेजमध्ये मी, बायको आणि अपघातातल्या गाड्या विकत घेणारा एक माणूस उभे होतो. प्रश्न नव्वद हजारांचा होता. विमा कंपनीने आमच्या चक्काचूर मोटारीचे तीन लाख चाळीस हजार धरले होते. त्यातले अडीच लाख ती देणार होती; उरलेले आम्ही सांगाडा विकून मिळवायचे होते.

त्या माणसाने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "आत कोन हुतं, साहेब?"

"आम्हीच दोघं. पाटणजवळ पलटी झालो."

"आन् दोघंबी धड?" त्याने आम्हाला नीट न्याहाळलं, चपला घातल्या आणि म्हणाला, "मग सत्तर."

"कंपनीने नव्वद धरलेत!"

"मग कंपनीलाच इका की!" तो खुशीत हसला.

बायकोने विचारलं, "आमच्यातलं कुणी गेलं असतं तर?"

"तर मागाल ते दिलं असतं, वैनी. जिथं मानूस गेलं, तिथं मी घासाघीस करत न्हाई. तुमच्यासंगं मातुर लय करनार."

आणि त्याने केलीच. चाकं बडवली, दरवाजे आपटले, मध्येच चहा पाजला. मीही हटलो नाही. भाव करताना एवढी मजा मला पूर्वी कधी आली नव्हती.

अखेर अठ्ठ्याऐंशी हजारांवर सौदा ठरला. हिशेबात दोन हजार कमी पडले. गाडी बायकोच्या नावावर होती, म्हणून त्याने सगळ्या नोटा तिच्याच हातात मोजून दिल्या.