प्रत क्रमांक एकोणीस

भूतबित, भास वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला चिडवायचो. पण गेल्या हिवाळ्यात जे बघितलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात, चष्मा लावून बघितलं... म्हणून लिहितोय.

आम्ही ग्वाल्हेरचे. मी दर्पण कॉलनीत, माझा आतेभाऊ अविनाश कंपू भागात. शाळेपासून दोघांना एकच नाद — कथासंग्रहांच्या सचित्र आवृत्त्या जमवायच्या. इथे मराठी पुस्तकं मिळतात कुठे? त्यामुळे एकमेकांच्या कपाटावर दोघांचं बारीक लक्ष!

पुण्याच्या एका प्रकाशकाने एका लोकप्रिय लेखकाच्या कथांची खास आवृत्ती काढली. मोजक्या प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, चित्रं चित्रकाराने हाताने रंगवलेली. बातमी अविला मीच दिली. नेमकं नोंदणीच्या दिवशी बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्याला म्हटलं, "माझीपण एक बुक कर रे." संध्याकाळी फोन आला — "दादा, एका माणसाला एकच देतायत. सॉरी यार."

पुस्तक आलं. फोटो आले. नातेवाइकांच्या ग्रुपवर वाहवा झाली. मी अंगठा टाकला आणि दोन दिवस धड जेवलो नाही. पन्नाशीच्या माणसाने असं जळावं? पण जळत होतो.

महिनाभर टाळून शेवटी एका रविवारी गेलो. अविची बायको चहा ठेवायला आत गेली, अवि फोनवर बोलत गच्चीत. टेबलावर प्रत क्रमांक एकोणीस. तिसऱ्या कथेचं चित्र उघडलं. दिवाणखान्यात एक माणूस वाचत बसलाय. मागे खिडकी. आणि खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेरून एकजण त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघतोय.

तो मी होतो.

डाव्या भुवईवरची खोक, पुढे आलेला दात... आणि नजर — ती तर माझी मलाच कळली. लाज वाटली.

"अवि, हा खिडकीत कोण आहे?"

तो झपाझप आला, पुस्तक ओढून मिटलं. "कोणी नाही. मोगऱ्याची कुंडी आहे." चेहरा मात्र पांढराफटक.

चार दिवसांनी तो पुस्तक घेऊन माझ्या दारात. बसलासुद्धा नाही.

"दादा, बुरा मत मानना... फॉर्ममध्ये दोन प्रती घेता येत होत्या. मी एकच भरली. वाटलं, पूर्‍या ग्वाल्हेरमध्ये फक्त माझ्याकडे असावी."

त्याने पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

"पार्सल उघडलं त्या दिवसापासून तू खिडकीत दिसतोस. रोज. बायकोला मात्र तिथे कुंडीच दिसते. तू विचारलंस तेव्हा कळलं, तुलाही दिसतंय. ठेव हे."

त्याच्यासमोरच पान काढलं. खिडकीत मोगऱ्याची कुंडी. भिंग लावून बघितलं, दोघांनी. प्रकाशकाकडून दुसऱ्या प्रतीचा फोटो मागवला — तिथेही कुंडीच. चित्रकार ग्वाल्हेरला कधी आलेला नाही, मला ओळखत नाही.

एकाला भास होईल. दोघांना, एकमेकांना न सांगता, तोच?

पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. अवि आला की मागून घेतो, थेट तिसऱ्या कथेवर जातो आणि बराच वेळ बघत बसतो. त्याला आता तिथे कोण दिसतं, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.