भिंतीवरची उलटी माणसं

भट्टीवाल्याचा दिवस रात्री दोनला उजाडायचा. सकाळी दहाला तो पावाच्या कारखान्यातून घरी यायचा, खिडकीला चिकटवलेल्या काळ्या कागदाकडे समाधानाने पाहायचा आणि आडवा व्हायचा. कागद त्याने स्वतः चिकटवला होता, चारही कडांना खळ लावून. उजेडाला फट राहिली तर ते काम कसलं?

भट्टीवर त्याचा तोरा होता. घड्याळ न बघता, नुसत्या रंगावरून तो पाव बाहेर काढायचा. नव्या माणसांना सांगायचा, "माझे डोळे म्हणजे घड्याळाचे बाप." कुणी विचारलेलं नसतानाही.

एका दुपारी त्याला जाग आली, तर समोरच्या भिंतीवर, वर छताजवळ, माणसं चालली होती. पुसट, पण रंगीत. पाय वर, डोकी खाली. मग एक सायकल गेली, तीही उलटी. त्याने डोळे चोळले. मागून हातगाडी आली.

त्याची पाचावर धारण बसली. डोळे गेले तर पावाचा रंग कोण ओळखणार? मालक भट्टीवरून काढून पोती उचलायला लावणार, आणि त्याची कंबर तर केव्हाच रजेवर गेलेली. बायकोला सांगायची सोय नव्हती. डोळ्यांच्या बढाया तिनेच सर्वांत जास्त ऐकल्या होत्या.

त्या रात्री त्याने पहिल्यांदा घड्याळ बघून पाव काढले. अर्धे कच्चे निघाले.

घरी येऊन त्याने लांबून कॅलेंडरवरच्या तारखा वाचून पाहिल्या. सगळ्या बरोबर. म्हणजे डोळे शाबूत होते, बिघाड आणखी वर होता.

दुपारी भिंतीवर खुद्द बायको आली. उलटी. हातगाडीवाल्यापुढे हातवारे करत होती. थोड्या वेळाने दार वाजलं आणि ती पिशवी घेऊन आत आली, सरळ.

"तू आत्ता हातगाडीवाल्याशी भांडलीस?"

"तुम्हाला कसं कळलं? झोपला होतात ना?"

"उलटी भांडत होतीस."

"अहो, मी सरळच भांडते. हवं तर त्याला विचारा."

खाटेखाली कुणीतरी फिस्सकन हसलं. दहा वर्षांची लेक सरपटत बाहेर आली. केसांत जळमटं, हातात कर्कटक.

"बाबा, कागदाला भोक मी पाडलंय. एवढुस्संच. उजेड सरळ रेषेत येतो ना, म्हणून वरचं खाली दिसतं आणि खालचं वर."

"अगं, मला वेड लागायची पाळी आली होती!"

"तुम्ही बघत होतात? मला वाटलं, घोरताय."

भट्टीवाला असा ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हता. बनियनवरच खाली उतरला आणि भर रस्त्यात हात वर करून उभा राहिला.

काळ्या कागदाआडून आवाज आला, "हात! आता दुसरा हात! आता पाय!"

तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवली. "काय हो, कुणाला शरण आलात?"

"शास्त्र चाललंय," भट्टीवाला एका पायावरून म्हणाला.

वर येऊन त्याने खळीची वाटी हातात घेतली. लेकीचा चेहरा पडला. तो भोकापाशी गेला, भिंतीकडे वळला, बराच वेळ बघत राहिला.

"चित्र पुसट आहे," तो म्हणाला. "असलं अर्धवट काम माझ्या घरात चालणार नाही."

"भोकाला भिंग लावलं तर स्वच्छ दिसेल," लेक घाईघाईने म्हणाली. "भोक थोडं मोठं करावं लागेल."

त्याने वाटी खाली ठेवली. "मग आधी माप घे. अंदाजपंचे नको."

लेकीने टेप लावली. खिडकीपासून भिंत दोन मीटर. पुस्तक चाळून तिने भिंगाचा नंबर काढला, त्याने तिच्याकडून तो दोनदा तपासून घेतला.

पगाराच्या दिवशी तो झोप सोडून चष्म्याच्या दुकानात गेला. "अधिक अर्ध्या नंबरचं भिंग द्या. एकच."

"एकच? नंबर कुणाचा आहे?"

"खोलीचा."

दुकानदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पैसे आधी मागितले. भट्टीवाल्याने पगाराचं पाकीट तिथेच फोडलं.