सूर्याने तोडलेलं वाक्य

माझे बाबा नोकरीने कारकून आणि मनाने पक्के हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावर लांबलांबच्या लोकांशी बोलणारे. पंचवटीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्यांनी तारेची लांबलचक एरियल ताणली होती. आई तिच्यावर हळूच ओले टॉवेल वाळत घालायची आणि दोघांचं जुंपायचं. दादा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. तिथून फोन करणं परवडायचं नाही, पण हॅमचा परवाना त्याच्याकडेही होता. त्यामुळे दर रविवारी दुपारी समुद्रातून त्याचा आवाज आमच्या खोलीत यायचा. आईकडे परवाना नव्हता. माईकवर बाबा बोलायचे, ती नुसती ऐकायची.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं सूर्यावरच्या डागांची होती. सूर्य खवळला की लांबचं रेडिओवरचं बोलणं कोलमडतं, म्हणून बाबा रोज सायबर कॅफेत जाऊन सूर्याचा अंदाज बघून यायचे. डाग वाढले का, पृथ्वीचं चुंबकत्व शांत आहे की अस्वस्थ, उद्या काय होईल, हे सगळं ते जेवताना सांगायचे आणि आम्ही हसायचो.

एका वर्षी रथसप्तमी नेमकी रविवारी आली. सकाळी आईने अंगणात रांगोळीचा रथ काढला, गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं आणि ते सूर्यासमोर उतू जाऊ दिलं.

"काय हो, आज तुमचा सूर्य कसाय?" तिने चेष्टेने विचारलं.

"एकदम शांत. खुशाल ऐक लेकाला," बाबा म्हणाले.

दुपारी दादाचा आवाज आला, अगदी खणखणीत. हवापाणी विचारून झालं. मग तो म्हणाला, "आई ऐकतेय ना? आई, घाबरू नकोस, पण माझ्या उजव्या हाताची..."

आणि आवाज बुडाला. नेहमीची खरखरसुद्धा गेली. बाबा बटणं फिरवत राहिले, मग गच्चीवर पळाले. तार जागेवर होती. शेजाऱ्यांचा टीव्ही मजेत गात होता.

"सगळी स्टेशनं गेलीत. सूर्यावर स्फोट झाला असणार," बाबा म्हणाले. "येईल परत."

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सकाळीच दूध घातलं ना त्याला?" एवढंच ती म्हणाली. सूर्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

उन्हं कलायला लागली तेव्हा खरखर परत आली आणि तिच्यामागून दादा, आम्हाला हाका मारत. आईने बाबांच्या हातून माईक हिसकावून घेतला. परवाना गेला खड्ड्यात!

"हाताला काय झालं रे?"

"काही नाही गं. जरासा भाजलाय. बराय आता."

आई तिथेच खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. संध्याकाळी तिने शिरा केला.

उन्हाळ्यात दादा घरी आला. दारातच आईने त्याचा उजवा हात हातात घेतला. दोन बोटं नव्हती. जहाज धक्क्याला बांधायच्या दोरात सापडून तुटली होती.

"खरं का नाही सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"सांगत होतो की," दादा म्हणाला. "सांगायला लागलो आणि तुम्ही गायब झालात. परत येईपर्यंत माझा धीर सुटला."

पुढच्या रथसप्तमीला आईने रथ काढला, गोवऱ्या पेटवल्या, दूधही ठेवलं. ते उतू गेलं तेव्हा ती सूर्याकडे पाठ करून उभी होती.