चिठ्ठीत लिहून दिलेली खोली

माझी सून लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिच्या हातून सुरकुती सुटत नाही आणि तोंडातून माणूस. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा वेडंवाकडं लिहिलेलं चालवून घ्या. पण तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि तिला स्वतःला वेळ कुठे!

आमची इमारत धोक्याची म्हणून एका दिवसात रिकामी करायला लावली. मुलगा ट्रकवर, पंधरा दिवसांतून एकदा तोंड दाखवणारा. मी, सूनबाई आणि सहा वर्षांची नात, आम्ही तिघी आधी महिनाभर माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात झोपलो, मग निवाऱ्याच्या हॉलमध्ये. तिथे चाळीस माणसं आणि एक ओलीगच्च भिंत. ती भिंत नेमकी आमच्या वाट्याला. सकाळी सहाला घंटा व्हायची, सातला गादी गुंडाळून रस्त्यावर. नातीला आम्ही मुंगी म्हणतो. कुणी कूस बदलली तरी मुंगी जागी व्हायची आणि मग खोकत बसायची. हॉलमध्ये बूट चोरीला जायचे, म्हणून ती बूट घालूनच झोपायची. दिवसाही कुणासाठी काढायची नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. बुटांसकट तेरा किलो.

"हे तिसरं औषध," त्या म्हणाल्या. "यानं खोकला दबेल, जाणार नाही. पोरीला कोरडी खोली हवी आणि सलग झोप. नाहीतर हा छातीत घर करील."

"घ्या! खोकल्याला घर मिळतं, आम्हालाच मिळत नाही," सूनबाई म्हणाली. "बरं, मग चिठ्ठीवर खोलीच लिहून द्या. मेडिकलमधून आणते."

मला वाटलं, आता बाई हाकलणार. पण त्यांनी पेन उघडलं आणि खरंच लिहिलं: कोरडी खोली, एक. झोप, रोज दहा तास. खाली सही-शिक्का.

ती चिठ्ठी सूनबाईनं लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे टाचली. कपडे न्यायला येणारा वाचायचाच.

"हे काय गं?"

"औषध. कुठे मिळेना. तुमच्याकडे आहे?"

कुणी हसायचं, कुणी घाईघाईनं आपले मोजे मोजायला लागायचं. मालक म्हणाला, "काढ ते, गिऱ्हाईक बिचकतं."

"काढते की. आधी औषध मिळू द्या."

तीन आठवड्यांनी बँडमास्तर आपला लाल कोट घ्यायला आले. चिठ्ठी दोनदा वाचली. "आमच्या तालमीच्या जागेवर एक खोली आहे," ते म्हणाले. "कोरडी ठणठणीत. ओलीत ढोल टिकत नाहीत. पण रोज सकाळी नऊला खाली तालीम. झोपेची हमी मी देत नाही."

"मास्तर, तुम्ही छत द्या. झोपेचं आम्ही बघतो."

त्या दिवशी तिनं तो कोट असा कडक केला, की त्यानं एकट्यानं बँड वाजवला असता.

आम्ही खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी सहा वाजले, घंटा नाही. मुंगी हलली नाही. आठ वाजले. नऊला खाली तालीम सुरू झाली. फळीवरची भांडी थरथरली, मी दचकले, आणि मुंगी ढिम्म.

सूनबाईचा चेहरा पांढराफटक. "आई, टाचणी पडली तरी उठणारी पोर ही! ढोलानं उठत नाही! काहीतरी झालंय हिला!" पांघरुणासकट पोरीला उचललं आणि निघाली. मी मागे, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात तिची.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. गार लागल्यावर मुंगीनं एक डोळा उघडला. "घंटा झाली?"

"अहो, झोपलीये ती!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या औषधाचा गुण आला, तर त्याचीच तक्रार घेऊन आलात?"

सूनबाई हसत सुटली. इतकी, की बाहेरचे पेशंट डोकावले. मग मुंगीच्याच पांघरुणाला तिनं डोळे पुसले.

दोन महिन्यांनी परत काटा. खोकला जवळजवळ गेलेला. मुंगीनं कुणी न सांगता बूट काढले, दाराशी जोडीनं ठेवले आणि चढली. पंधरा किलो!

"बुटांशिवाय!" सूनबाई ओरडली आणि एवढ्या घोडीला कडेवर घेऊन थेट घरापर्यंत मिरवत आणली. जिन्याशी खाली उतरवली, तर पोर अनवाणी.

"बूट कुठे गं?"

"राहिले तिथेच," मुंगी म्हणाली. "असू दे ना, कोण नेतंय!"

आणायला अर्थात मलाच जावं लागलं.