वर्षाचे डॉक्टर

पेणला आमचे डॉक्टर घरात कोणी आजारी नसताना यायचे. हातात बॅग नाही, गळ्यात नळी नाही. "आज कोण आजारी हाय?" "कोणी नाही." "मग बसतो," म्हणत थेट स्वयंपाकघरात. लोणच्याची बरणी किती उतरली ते बघून माझ्या रक्तदाबाचा अंदाज घ्यायचे.

गावात त्यांना 'वर्षाचे डॉक्टर' म्हणत. पाडव्याला वर्षभराची फी एकदाच द्यायची, मग हवं तेव्हा बोलवा. मोजकीच घरं घेत, तीही हाकेच्या अंतरावरची. नव्वदीच्या दशकातल्या आमच्या कचेरीला हे काही पटेना. "आजारी न पडता डॉक्टरला पैसे?" म्हणून सगळे हसले. मी मात्र नाव नोंदवलं. फी वसूल करायची तर आजारी पडणं भाग होतं, आणि त्या कामात मी कधी आळस केला नाही.

रविवारच्या पुरवणीत ज्या रोगावर लेख येई, तो मला सोमवारी होई. डॉक्टर नाडी बघत, सगळं ऐकून घेत. एकदा निघताना म्हणाले, "भाऊसाहेब, पुढच्या रविवारी बाळंतपणावर लेख हाय म्हणे. जपून वाचा." बायको आठवडाभर हसत होती.

खरा आजारही त्यांनीच पकडला. शेजारी गणपतींचा कारखाना होता, मूर्ती घासायला लागले की आमच्या घरात पांढरी धूळ. एका दुपारी मी आमच्या साहेबांची नक्कल करून दाखवत होतो. हसता हसता डॉक्टरांनी माझ्या पाठीला कान लावला. "तुम्ही बोलताना कधी थांबत नाय. आज थांबलात." दमा निघाला. त्याच पावसाळ्यात एकदा श्वास असा अडकला की वाटलं, संपलं. बायकोने गॅलरीतून हाक मारली, डॉक्टर बनियनवरच धावत आले आणि त्यांनी सुई दिली. त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही.

पुढे माझी बदली रोह्याला झाली. पाडव्याला मी पाकीट घेऊन हजर. फोन आहे, एसटी आहे, डॉक्टर कशाला बदलायचा? माझी नाटकं नव्या माणसाला पहिल्यापासून कोण समजावणार? त्यांनी पाकीट परत माझ्या खिशात घातलं.

"रोह्याहून हाक मारलीत तर मला ऐकू येणार हाय काय?"

"फोन करीन ना."

"फोनवरून सुई देता येत नाय. बाकीचे आजार पत्राने कळवा. दमा माझ्यासाठी थांबायचा नाय."

"सरळ सांगा ना, माझा कंटाळा आलाय," असं म्हणून मी रुसून निघून आलो.

तरी सुट्टीच्या गुरुवारी ते रोह्याला आले. आमच्या घरामागच्याच गल्लीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तिथे नंबर लावून ते माझ्याबरोबर बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर, मुलीला सासरी पोचवायला आलेल्या बापासारखे म्हणाले, "बाई, ह्यांचा दमा खरा हाय. बाकी सगळे आजार खोटे. पण तेही ऐकून घ्या. ते ऐकले नाय तर हे खरा आजार सांगायचे नायत." बाई हसल्या नाहीत, मान डोलावली. माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि तेही माझ्यादेखत.

स्टँडवर पेणची गाडी लागली तेव्हा मला राहवेना. "डॉक्टर, छातीत कसंतरी होतंय." नेहमीसारखी थट्टा करतील असं वाटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि कंडक्टरने घंटी देईपर्यंत सोडलं नाही.

"व्हय," ते म्हणाले, "मला पण होतंय." आणि गाडीत चढले.